दुसरी चिमणी

ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला चिमणी ओळखायला शिकवावी लागत नाही. किराणा दुकानातल्या गोणीपाशी, स्टेशनच्या छपराखाली, मेडिकलच्या पाटीमागे जी चिवचिवते ती चिमणी. दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, तिच्यावर भाषणं होतात, बाल्कन्यांत लाकडी खोकी टांगली जातात, 'चिमण्या गेल्या कुठे' असा प्रश्न विचारून लोक हळहळतात. या हळहळीत एक गोष्ट मात्र राहून जाते. आपल्याकडे आणखी एक चिमणी आहे. ती दुकानात येत नाही, पंख्यावर बसत नाही, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे काड्या कोंबत नाही. येऊरच्या पायथ्याशी, डोंबिवलीजवळच्या उंबार्लीच्या टेकडीवर, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या झाडांत, टिटवाळ्याच्या बाजूला शेतं आणि माळ जिथे अजून शिल्लक आहेत तिथे तिला शोधायचं. मराठीत तिला रानचिमणी म्हणतात; पक्षिनिरीक्षकांच्या याद्यांमध्ये ती पीतकंठी चिमणी म्हणून भेटते. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. शहरातल्या चिमणीची ती नातेवाईक, पण सख्खी बहीण नव्हे. पूर्वी तिला पेट्रोनिया या गटात घालत. आता जिम्नोरिस या वेगळ्या प्रजातीत तिची गणना होते. या प्रजातीतले बाकीचे पक्षी मुख्यतः आफ्रिकेत राहतात, भारतात ही एकटीच.

ती दुर्मीळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. भारताच्या बहुतेक भागांत, कोरड्या विरळ जंगलात, झुडपांच्या माळावर, शेताच्या बांधावर, मोठ्या बागांत ती आढळते. पश्चिमेकडे तिचा पसारा थेट तुर्कस्तानच्या आग्नेय टोकापर्यंत जातो. तिकडे थंडी कडक, म्हणून इराण-इराकमधल्या रानचिमण्या हिवाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य भारतात उतरतात. आपल्या भागातल्या मात्र इथल्याच. अन्नाच्या मागे थोड्या इकडेतिकडे सरकतात, एवढंच. म्हणजे पक्षी भरपूर आहे, ओळखणारे कमी आहेत. कारण साधं आहे: लांबून पाहिली तर ती 'एक चिमणी' एवढीच दिसते आणि चिमणीकडे दुसऱ्यांदा कोण पाहतो?

दुसऱ्यांदा पाहायचं तर आधी घरची चिमणी नीट आठवू. नराचा माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तपकिरी पट्टा, गाल पांढरट, गळ्याखाली काळा डाग. मादी मातकट, डोळ्यावर फिकट भुवई. दोघांच्याही पाठीवर काळपट रेघा असतात. ही रेघांची पाठ पक्की लक्षात ठेवा, कारण रानचिमणीची पाठ कोरी असते. एकही रेघ नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा राखाडी-तपकिरी रंग. माझा अनुभव असा, की नवखा माणूस दुर्बीण लावून आधी पिवळा गळा शोधतो आणि तिथेच फसतो. तो पिवळा डाग लहान असतो, हनुवटीच्या पांढऱ्या भागाखाली असतो, आणि पक्षी समोरून, मान थोडी वर करून, बऱ्या उजेडात बसला तरच दिसतो. मादीत तो फारच फिका असतो, कित्येकदा नसतोच. पिल्लांच्या अंगावर तर पिवळं काहीच नसतं. तेव्हा क्रम उलटा ठेवावा: आधी पाठ, मग खांदा, मग पंख, मग चोच, आणि गळा सगळ्यात शेवटी.

खांद्यावर तांबूस-तपकिरी ठिगळ असतं. नरात ते गडद, मादीत फिकं. त्याच्या लगेच खाली पंखावर पांढरी आडवी पट्टी, आणि तिच्याखाली आणखी एक, जरा पुसट. पक्षी पाठमोरा किंवा बाजूने बसला असला तरी कोरी पाठ, तांबूस खांदा आणि पांढरी पट्टी या तीन गोष्टी दिसतातच. तिन्ही जुळल्या की पुढे फार शंका उरत नाही. पोट मळकट पांढरं. लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, म्हणजे घरच्या चिमणीपेक्षा किंचित लहान आणि अंगाने सडपातळ. चोच बारीक, लांबट आणि टोकदार. दाणे फोडणाऱ्या पक्ष्याची वाटत नाही, आणि ती तशी का आहे याचं उत्तर पुढे फुलांपाशी मिळेल. विणीच्या दिवसांत नराची चोच काळी होते. एरवी ती तपकिरी असते.

गोंधळ उडवणारे पक्षी आपल्या भागात बरेच आहेत. सुगरणीची मादी तशीच तपकिरी, पण तिच्या पाठीवर रेघा असतात, चोच जाड असते आणि ती बहुधा गवतात किंवा पाण्याजवळच्या पाणकणसात दिसते. मनोली, म्हणजे पांढऱ्या कंठाची मुनिया, फिकी आणि कोऱ्या पाठीची असते, पण तिची शेपटी लांब व टोकदार, चोच ठेंगणी आणि निळसर राखाडी. ठिपकेवाल्या मुनियाचं पोट खवल्यांच्या नक्षीने भरलेलं. यातल्या एकाही पक्ष्याच्या खांद्यावर तांबूस ठिगळ नसतं.

दिसण्याइतकीच वागण्याचीही खूण असते. घरची चिमणी माणसाच्या पायाखाली दाणे टिपते आणि उठली तर छपरावर जाते. रानचिमणी झाडावरची. जमिनीवर ती उतरते, पण थवा उठला की सरळ वरच्या पर्णहीन फांद्यांवर जाऊन बसतो. विजेच्या तारेवरही बसतो. उडताना ती थोडी खाली-वर होत जाते. आवाज चिमणीचाच, पण त्यातला खरखरीतपणा काढून टाकलेला. 'चिल्प, चाल्प, चोल्प' असे सुटे, गोलसर सूर नर एका जागी बसून कितीतरी वेळ काढत राहतो. याला गाणं म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. मला तर ते घरच्या चिमणीच्या कलकलाटापेक्षा नक्कीच गोड वाटतं. एकदा कान तयार झाला की पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि पानांनी गच्च भरलेल्या झाडात तोच खरा उपयोगाचा.

कुठे शोधायची नाही, तेही सांगायला हवं. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून आपल्याकडे पक्षी पाहायचे म्हणजे खाडीवर जायचं असं समीकरण झालं आहे. रानचिमणीसाठी खाडीच्या चिखलात आणि तिवरांत वेळ घालवू नये. घनदाट, ओलसर, बारमाही हिरव्या जंगलातही ती रमत नाही. तिला मोकळीक लागते: मधूनमधून मोठी झाडं, खाली गवत किंवा शेत, आणि पानगळीचं रान. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची येऊरची बाजू यासाठी योग्य आहे. साग, पळस, काटेसावर, ऐन, मोह अशी उन्हाळ्याआधी पानं टाकणारी झाडं आणि त्यांना लागून पाड्यांची शेतं. उद्यानाच्या आत जायला वन विभागाचे नियम आहेत, पण या चिमणीसाठी आत जायची गरजही नाही, कडेचा भागच तिचा. डोंबिवलीकरांना उंबार्लीची टेकडी जवळ पडते. निसर्गप्रेमींनी तिथे झाडं लावून जगवण्याचं काम चालवलं आहे आणि सकाळी दुर्बिणी घेतलेले लोक तिथे हटकून भेटतात. कल्याणकरांनी गांधारीचा पूल ओलांडून बापगावच्या बाजूला जावं, किंवा बारवी धरणाच्या रस्त्याला लागावं.

आता जरा मागे जाऊ. या चिमणीला भारताच्या पक्षिशास्त्रात जे स्थान आहे, ते मोराला किंवा माळढोकालाही नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या खेतवाडीत एक अनाथ मुलगा मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांच्या घरी वाढत होता. जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. नाव सालिम अली. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे मुलाच्या हाती लवकरच छऱ्याची बंदूक आली आणि त्याचं लक्ष्य अर्थातच चिमण्या. ही शिकार नुसती उनाडकी नव्हती, हे त्याच्या तेव्हाच्या टिपणावरून कळतं. भिंतीतल्या भोकात घरच्या चिमणीची मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलाने तबेल्यातल्या घोडागाडीआडून नराला टिपलं. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा हजर. सात दिवसांत आठ नर पडले, तरी जागा रिकामी राहिली नाही. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण पोराने पाहिलेली गोष्ट खरी होती: चिमण्यांच्या वस्तीत बिनजोडीचे नर वाट पाहत असतात.

अशाच एका दिवशी पडलेली चिमणी नेहमीची नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती खायला चालेल की नाही, हा मुसलमान घरातल्या मुलाचा पहिला प्रश्न. मामांना उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. मामांनी मुलाला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. तेव्हाच्या मुंबईत दहा-बारा वर्षांच्या हिंदी पोराने मेलेली चिमणी पुडीत बांधून साहेबाच्या कचेरीत जायचं, ही सोपी गोष्ट नव्हती. मिलार्डनी पक्षी पाहिला, पीतकंठी चिमणी म्हणून ओळखला, आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून शेकडो पक्ष्यांचे जतन केलेले नमुने मुलाला दाखवले. पुढे कातडं कसं काढायचं, नमुना कसा भरायचा, नोंद कशी करायची हेही शिकवण्याची व्यवस्था केली. सालिम अलींनी पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांना दिलं. १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स'ने भारतात पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या, आणि १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. त्या शीर्षकातली चिमणी ती हीच.

मला या गोष्टीत सालिम अलींइतकेच मिलार्ड महत्त्वाचे वाटतात. त्यांनी नाव सांगून मुलाची बोळवण केली असती तरी कुणी दोष दिला नसता.

रानचिमणीचं वर्ष आपल्या हवामानावर बेतलेलं आहे. भातकापणी आटोपली की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तिचे थवे मोकळ्या शेतांत दिसू लागतात. सांडलेले दाणे, गवताचं आणि तणाचं बी हे तेव्हाचं मुख्य अन्न. या थव्यात घरच्या चिमण्या, सुगरणी, मुनिया मिसळलेल्या असतात, म्हणून हिवाळ्यात ओळखायचा सराव चांगला होतो. रात्री मोठ्या संख्येने एकाच झाडावर मुक्काम करायची तिला सवय आहे. सूर्यास्ताआधी अर्धा तास अशा झाडाखाली उभं राहिलं तर कलकलाट चढत जातो आणि अंधार पडताच थांबतो.

जानेवारी-फेब्रुवारीत चित्र पालटतं. काटेसावर पानं टाकून लाल फुलांनी भरते, पाठोपाठ पळस आणि पांगारा, मार्च-एप्रिलमध्ये मोह. काटेसावरीच्या जाड पाकळ्यांच्या पेल्यात मध साचतो आणि त्यावर कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, खारी सगळ्यांची झुंबड उडते. त्यात रानचिमणीही असते. लांबट, बारीक चोच इथे कामी येते. ती डोकं फुलात खुपसून मध पिते आणि बाहेर निघते तेव्हा कपाळावर, चोचीच्या बुडाशी परागकण माखलेले असतात. पुढच्या फुलात डोकं घातलं की त्यातले काही तिथे पोचतात. म्हणजे परागीभवनाच्या कामात तिचाही वाटा आहे. 'पिवळ्या कपाळाची वेगळीच चिमणी दिसली' असे फोटो फेब्रुवारीत फिरतात, ते बहुधा या परागामुळे. पानं नसलेलं झाड, एकाच जागी गुंतलेले पक्षी आणि सकाळचं तिरपं ऊन यामुळे रानचिमणी पाहायला वर्षातला याहून चांगला काळ नाही. घोडबंदर रोडवर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर उभी राहिलेली एखादी जुनी काटेसावर त्यासाठी पुरते.

मधाचे दिवस ओसरतात तसे थवे फुटतात आणि जोड्या होतात. विणीचा हंगाम एप्रिल ते जून-जुलै असा धरावा. नर ढोलीजवळच्या फांदीवर बसून तेच तीन सूर आळवत राहतो. मादी तीन-चार अंडी घालते. हिरवट पांढऱ्या कवचावर तपकिरी डागांची दाटी. उबवण्याचं काम ती एकटी करते, साधारण दोन आठवडे. पिल्लं निघाली की आई-बाप दोघंही खेपा घालतात. मोठी चिमणी बी खाऊन राहू शकते, पिल्लाला मात्र किडे हवेत: अळ्या, पतंग, भुंगेरे. पहिल्या पावसाआधीच्या आठवड्यांत आणि पाऊस सुरू होताच किड्यांची जी रेलचेल होते, तिच्यावर नवी पिढी वाढते. पाऊस लागला, पानांची छत्री दाट झाली की रानचिमणी डोळ्यांआड होते आणि पुन्हा भात पिवळं पडेपर्यंत तिची विचारपूस करणाराही कुणी नसतो.

या सगळ्यात कळीची गोष्ट ढोली. रानचिमणी घरटं विणत नाही. सुगरणीचं विणकाम तिला येत नाही आणि सुताराचं कोरीवकामही नाही. तयार पोकळी हवी. आत गवत, केस, लोकर, पिसं यांची गादी ती घालते. गोष्टीतल्या चिऊताईला मेणाचं घर बांधता आलं, हिला आयतंच लागतं. कधी भिंतीतलं भोक, कधी लोखंडी पाइपचं उघडं तोंड, कधी दिव्याचा पोकळ खांबही चालतो, पण मुख्य भिस्त झाडावर.

झाडात पोकळी दोन मार्गांनी तयार होते. पहिला मार्ग कुजण्याचा. वादळात फांदी मोडते, बुंध्याशी खुंट उरतो, तिथून पाणी शिरतं, पाठोपाठ बुरशी. खोडाच्या मध्यभागचं लाकूड मृतच असतं. झाडाचं पाणी आणि अन्न वाहतं ते बाहेरच्या थरांतून. बुरशी मधला भाग मऊ करत जाते, झाड कडेने नवा थर चढवून जखम आवळत राहतं, आणि कित्येक वर्षांनी तिथे जाड ओठांची ढोली उरते. म्हणजे ढोली असलेलं झाड मरायला टेकलेलंच असतं असं नाही. पोकळ वड, पोकळ चिंच, पोकळ आंबा वर्षानुवर्षं उभा राहतो. ज्याला चार बाजूंनी इमारतींनी घेरलं आहे अशा झाडाबद्दल धोका तपासावा लागतो, हे मान्य. पण तो जाणकाराने तपासावा, भोक दिसलं म्हणून कुऱ्हाड काढू नये.

दुसरा मार्ग कारागिरांचा. तांबट पक्षी, ज्याचं 'टुक-टुक' भर दुपारी आपल्या सोसायट्यांतून ऐकू येतं, वाळलेल्या मऊ फांदीत स्वतः ढोली कोरतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या वठलेल्या फांद्या त्याला आवडतात. कलत्या फांदीच्या खालच्या अंगाला त्याचं दीड-दोन इंची गोल भोक असतं, म्हणजे पाऊस आत येत नाही. रानाच्या बाजूला हेच काम कुटूरगा आणि सुतार पक्षी करतात; सोनपाठी सुतार आणि मराठा सुतार हे दोघंही आपल्या टापूतले. हे पक्षी नव्या हंगामाला बहुधा नवी ढोली कोरतात आणि जुनी सोडून देतात. इथून पुढचा व्यवहार जुन्या चाळीतल्या पागडीच्या खोलीसारखा चालतो: मूळ मालक गेला, की एकामागून एक भाडेकरू. दयाळ येतो, भांगपाडी मैना येते, साळुंकी येते, पोपट भोक कुरतडून रुंद करतो, खार काथ्या भरते. रानचिमणी या रांगेत अंगाने लहान आणि स्वभावाने नरम, त्यामुळे मोठ्या पक्ष्यांनी नाकारलेलं, तोंड अरुंद असलेलं भोक तिच्या वाट्याला येतं. तांबट ज्या भागात खूप, तिथे तिची सोय चांगली. म्हणून तिची गणना करायची तर मी आधी वठलेल्या फांद्या मोजीन.

आणि नेमक्या याच फांद्या आपल्याला नकोशा असतात. पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, सोसायट्या आणि पालिका धोकादायक फांद्यांची छाटणी काढतात. त्याच दोन महिन्यांत ढोलीत अंडी-पिल्लं असतात. छाटणी करूच नये असं म्हणण्यात अर्थ नाही. मुंबई-ठाण्यात दर पावसाळ्यात फांद्या पडून माणसं दगावतात. पण वेळ बदलता येते. वठलेली फांदी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही वठलेलीच असते आणि तेव्हा ढोल्यांत पिल्लं नसतात. ज्या फांदीखाली रस्ता, गाडी, माणूस येत नाही, ती तोडायचं तर कारणच नाही. मेमध्येच करायची वेळ आली, तर आदल्या दिवशी सकाळी अर्धा तास कुणीतरी खाली उभं राहून पाहावं. चोचीत अळी घेऊन पक्षी भोकात शिरताना दिसला, की ती एक फांदी पुढे ढकलावी.

कायदाही सोबतीला आहे. राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या अधिनियमानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठी पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणंही येतं. सोसायटीच्या सभेत वाद झालाच तर हे दोन संदर्भ उपयोगी पडतात. अर्थात कायद्याची भाषा काढायच्या आधी पिल्लांना भरवणारा पक्षी समितीच्या अध्यक्षांना दुर्बिणीतून दाखवलेला बरा.

राहता राहिली घरची चिमणी. ती नामशेष झाली हा समज 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालाने खोडून काढला. देशभर पाहता तिची संख्या त्याआधीच्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर राहिली; घट दिसली ती मुंबईसारख्या महानगरांत. मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, या लाडक्या समजुतीला ठोस पुरावा मिळालेला नाही. शहरांतून किडे, भोकं आणि मोकळी माती कमी झाली, हे कारण अधिक पटण्यासारखं. त्या चिमणीला बाल्कनीतलं खोकं थोडंफार उपयोगी पडतं. रानचिमणीला नाही, तिला झाड हवं, आणि तेही जुनं.

पाहणं सुरू करायचं तर महागडा कॅमेरा नको. आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण आणि एक वही पुरे. जे दिसलं ते तारीख, जागा आणि संख्या लिहून ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवावं. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही पक्षिगणना नेमकी काटेसावरीच्या फुलोऱ्यात येते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात शाळांमधून चित्रं आणि भाषणं होतात. माझी शिक्षकांना विनंती आहे, की त्यातली एक सकाळ भाषणाऐवजी जवळच्या भातशेताच्या कडेला घालवावी आणि मुलांना चिमण्यांच्या थव्यातली कोऱ्या पाठीची चिमणी शोधायला लावावी.

घरट्याच्या फोटोंबद्दल एक सूचना. ढोलीसमोर ठाण मांडून बसू नका, फांद्या बाजूला करून भोक उघडं पाडू नका, आणि विणीच्या दिवसांत ढोलीची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. पक्षी चोचीत घास घेऊन समोरच्या फांदीवर थबकला आणि आत शिरेना, तर तो तुम्ही निघून जाण्याची वाट पाहतो आहे.